काउंटेसचं पाचवं मूल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, जिच्याशी तेव्हा रोज तासतासभर फोनवर बोलायचे त्या मैत्रिणीलाही नाही. लपवून ठेवलं असंही म्हणवत नाही — लपवायला समोर कुणी शोधणारं तर हवं! कुणी विचारलंच नाही. आणि न विचारलेल्या गोष्टी गिळून टाकण्यात मी पहिल्यापासून पटाईत आहे.

तर तुम्हाला सांगते. सुरुवात मात्र एका परक्या बाईपासून करावी लागेल, त्याला इलाज नाही.

काउंटेस मार्गारेटा. साडेतीनशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका चिमुकल्या संस्थानाची मालकीण. संस्थान म्हणजे काय, आपल्याकडचा एखादा तालुका. नवरा बाराही महिने लढाईवर, गढीचा सगळा कारभार हिच्या गळ्यात, आणि रोज उठून बहिणीला पत्रं लिहायची हिची सवय. गाई आटल्या, छप्पर गळतंय, धाकट्याला ताप आहे, सासू बोलत नाही. ही पत्रं म्हणजे माझा पीएच.डी.चा विषय. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात, मिशिगनमधल्या ट्रॉय गावात, पुण्याची एक चौतीस वर्षांची बाई डायनिंग टेबलावर फोटोकॉप्या पसरून या काउंटेसच्या गाई मोजत बसायची. नवरा — अरविंद — मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर. मुलगी शाळेत जायला लागलेली. आणि घर सांभाळायला नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या माझ्या सासूबाई.

सासूबाई चौथी शिकलेल्या. बाहेर गुडघाभर बर्फ, शेजारी बोलायला कुणी नाही, टीव्ही कळायचा नाही. दुपारी मेथी निवडायला माझ्यासमोर बसायच्या आणि म्हणायच्या, "हं, सुनंदा, काय म्हणते तुझी सरदारीण?"

मग मी सांगायचे. आधी नाइलाजानं, नंतर आवडीनं. खरं सांगायचं तर त्यांच्याइतके चांगले प्रश्न मला कॉलेजात कुणी विचारत नव्हतं. तिचं माहेर किती लांब? सासू कुठल्या खोलीत राहायची? दूध कोण काढायचं? माझ्या गाइड डॉ. हेलन फार विद्वान बाई, पण दूध कोण काढायचं हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मी शोधलं तर त्यातून अख्खं एक प्रकरण निघालं. ते मी लिहिलं. सासूबाईंचं नाव न घालता लिहिलं. पण तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. घरातल्या गप्पांना कोण कशाला तळटीप देतं?

नाही — हेही मला सांगायचं नव्हतं. मी उगीच घिरट्या घालतेय.

काउंटेसला नऊ मुलं झाली. त्या लोकांत बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला धर्माचे आईबाप नेमायची पद्धत, आणि त्यासाठी जितकी बडी मंडळी मिळतील तितकी हवी. पहिल्या चार मुलांचे धर्माचे आईबाप ड्यूक काय, बिशप काय, राजघराण्यातली आत्या काय. आणि पाचव्याच्या बाप्तिस्म्याला उभे केले गढीच्या दारात बसणारे दोन भिकारी. एक म्हातारा, एक लंगडी बाई. का? या एका 'का'वर तीन जणांनी लिहून ठेवलं होतं. कुणी म्हणे धर्मातली नम्रता. कुणी म्हणे नातेवाइकांशी भांडण झालं असणार. आणि पुढच्या दोन वर्षांच्या पत्रांत काउंटेस त्या मुलाला एकदाही 'माझा' म्हणत नाही, 'दारातल्यांचा पोरगा' म्हणते. त्यावरून एकानं तर हे मूल नवऱ्याचं नसावं असाही तर्क लढवला होता. मी दोन महिने त्यावर अडकले होते. हेलनबाई दर आठवड्याला विचारायच्या आणि मी दर आठवड्याला काहीतरी थाप मारायचे.

एका दुपारी हे मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मेथीतून मानसुद्धा वर केली नाही.

"आधीची चार कुठायत?"

"वारली. दोन वर्षांची व्हायच्या आत सगळी."

"मग? अगं, तिची पोरं जगत नव्हती. म्हणून घातला त्याला भिकाऱ्यांच्या ओटीत. आमच्याकडे विकतात, त्यांच्याकडे देत असतील. त्यात एवढं काय?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांची स्वतःची तीन गेली होती. चौथा झाला तेव्हा बाराव्या दिवशी त्याला सुपात घालून सुईणीला विकला, मूठभर कोंड्याला. आणि मग तिच्याकडून सांभाळायला म्हणून परत घेतला. नाव ठेवलं कोंडू. दोन वर्षं कुणी विचारलं तर सांगायचं, सुईणीचा आहे, माझा नाही. माझा म्हटलं की न्यायला येतात. हे सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. तो कोंडू म्हणजे माझा नवरा. शाळेत त्याचं अरविंद झालं, ऑफिसात आर्व झाला, आणि कोंडू हे नाव अमेरिकेत कुणासमोर काढायचं नाही अशी त्यानं आईला तंबी दिली होती.

मेथी तशीच टाकून मी कागदांकडे धावले. सगळं बसत होतं. तारखा बसत होत्या, पत्रांतले शब्द बसत होते. सहाव्या मुलापासून पुन्हा ड्यूक आणि बिशप सुरू. कारण पाचवा जगला होता! तो अठ्ठावन्न वर्षांचा होऊन मेला. मी हे सांगितलं तर सासूबाईंनी त्या संध्याकाळी शिरा केला. साडेतीनशे वर्षांपूर्वी परक्या देशात जगलेल्या मुलासाठी केलेला शिरा आम्ही सगळ्यांनी खाल्ला, आणि अरविंदनं विचारलं, आज काय आहे?

हेलनबाईंना मी सांगितलं की बाप्तिस्म्याच्या आणि दफनाच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा सुचलं. हे खोटं बोलताना मला काही झालं नाही. अगदी सहज निघालं तोंडातून. त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या, एवढं मला आठवतं. मला इतका आनंद झाला होता की त्यात दुसऱ्या कुणाला जागा नव्हती.

त्या एका प्रकरणावर मला पदवी मिळाली, पुढे नोकरी मिळाली. प्रबंधाच्या सुरुवातीला आभार मानलेत, त्यात सासूबाईही आहेत — घर आणि मुलीला सांभाळल्याबद्दल. ती ओळ मी स्वतः टाइप केली. सासूबाई नंतर दोन वर्षं आमच्याकडे राहिल्या, मग नणंदेकडे नगरला गेल्या, तिथेच वारल्या. त्या दोन वर्षांत दुपारच्या त्या पुन्हा माझ्यासमोर बसल्या नाहीत. मेथी त्यांच्या खोलीत निवडायच्या. सरदारीण काय म्हणते, हे त्यांनी परत कधी विचारलं नाही. अरविंदला वाटलं, आईला करमत नाही. मीही मान डोलावली.

चोरी केली, हे तर तुमच्या लक्षात आलंच असेल. ते मी स्वतःशी केव्हाच कबूल केलंय. विद्यापीठात इतकी वर्षं काढल्यावर कळतं की अशा चोऱ्या बरेच करतात आणि झोपही बरी लागते त्यांना. मग मला एवढं काय सलतं?

सलतं ते एका शनिवारच्या दुपारचं.

हेलनबाईंना जेवायला बोलावलं होतं. प्रकरण पूर्ण झालं म्हणून. अरविंद ओहायोच्या प्लांटला गेलेला, मुलगी मैत्रिणीकडे. सासूबाईंनी सकाळपासून स्वयंपाक केला — भरली वांगी, वरण-भात, कोशिंबीर, पुरणपोळ्या. आम्ही दोघी टेबलाशी, त्या वाढायला उभ्या. पाहुण्यांबरोबर बसायची त्यांची पद्धत नव्हती. आमचं बोलणं इंग्रजीत चाललेलं. हेलनबाई त्या पाचव्या मुलाविषयी बोलत होत्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, मार्गारेटा.

तेवढा एक शब्द सासूबाईंनी पकडला. इतकी वर्षं ऐकलेला. हात पदराला पुसले, आणि — मी हे आधी कधी पाहिलं नव्हतं — खुर्ची ओढून टेबलाशी बसल्या. हेलनबाईंकडे बघून थेट मराठीत बोलायला लागल्या. त्यांना कळेल की नाही याची काडीचीही फिकीर न करता. आपली तीन गेलेली मुलं सांगितली, नावांसकट. ती नावं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. हातांनी सूप करून दाखवलं, ते या हातातून त्या हातात कसं गेलं ते दाखवलं. कोंड्याची मूठ दाखवली. शेवटी म्हणाल्या, "त्या सरदारणीनं बरोबर केलं. बाईंना सांग, सुनंदा. मला माहीत आहे म्हणावं, मी केलंय." तीनेक मिनिटं बोलल्या असतील. चेहरा लाल झाला होता. अमेरिकेत आल्यापासून त्या पहिल्यांदा माझ्याखेरीज, घरच्यांखेरीज कुणाशी तरी काही बोलल्या होत्या.

हेलनबाई हसऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडे वळल्या. काय म्हणतायत त्या?

मी घाबरले होते, हे खरं. सगळं उघडं पडलं असतं, हेही खरं. आणि सूप, सुईण, कोंडा — या सगळ्याची मला त्या बाईंसमोर लाज वाटली, हे त्याहून खरं. पण विचार करायला मला एक क्षणही लागला नाही. लागला असता तर बरं झालं असतं का? माहीत नाही.

मी इंग्रजीत म्हणाले, "त्या म्हणतायत, तुम्ही काहीच खाल्लं नाही. प्लीज थोडा राइस घ्या."

हेलनबाई खळखळून हसल्या. एवढं सगळं नुसत्या राइससाठी? हाउ स्वीट!

आता सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, असं आम्ही सगळेच म्हणायचो. पण तीन वर्षं त्या माझ्याबरोबर दर आठवड्याला ग्रोसरीला येत होत्या. मिल्क त्यांना कळायचं. सॉल्ट कळायचं. राइसची पिशवी तर त्याच उचलून कार्टमध्ये टाकायच्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर मी आज इतकं लक्षात ठेवलं नसतं. मुलगी खोटं बोलताना सापडली आणि पाहुण्यांसमोर आहे, तेव्हा आई जशी पाहते, तसं काहीसं. मग त्या उठल्या. खुर्ची होती तिथे परत सरकवली. भाताचं पातेलं उचललं आणि हेलनबाईंच्या ताटात दोन डाव भात वाढला, अगदी आग्रह करून, त्या नको नको म्हणत असताना. माझं खोटं त्यांनी पुरं करून दिलं.

मग पातेलं घेऊन माझ्या बाजूला आल्या. "तुला वाढू?"

मी ताट पुढे केलं.