तसराळं आणि टॉवेल

मनुमावशीच्या हातात बांगडी नसे, गळ्यात मणी नसे. निपाणीत आमच्या गल्लीत नव्याने आलेली बाई तिला विधवा समजून हळहळायची आणि दारात विडी ओढत बसलेल्या तिच्या नवऱ्याला, भरमूकाकांना, बघून गप्प व्हायची. मावशी खुलासा करत नसे. खुलासा करणं तिला बढाई मारल्यासारखं वाटे.

ती आणि तिची थोरली बहीण, म्हणजे माझी आई, दोघी धमतरीकडे वाढल्या. आजोबा शमुवेल तिथल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मिशन-दवाखान्यात कंपाउंडर होते. त्या मंडळींत दागिने नाहीत, शपथ नाही, भांडण तर नाहीच. प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकरी वाटून घेण्याआधी, एकमेकांचे पाय धुवायचे, बाईने बाईचे, पुरुषाने पुरुषाचे. मनात कुणाबद्दल अढी असेल तर भाकरीला हात लावायचा नाही. आजोबा निवृत्त होऊन निपाणीला परतले. इथल्या चर्चमध्ये ही रीत नव्हती, म्हणून उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी ते घरातच सगळ्यांना पाय धुवायला लावत. त्यासाठी धमतरीहून आणलेलं निळ्या काठाचं, पाय मावतील असं पसरट तामचिनी तसराळं होतं आणि एक जाड टॉवेल.

१९७४ साली आजोबा वारले. तसराळं आईने ठेवून घेतलं, टॉवेल मावशीने. दुसरी वस्तूही आपल्याकडेच यायला हवी होती, असं दोघींचं ठाम मत. नम्रता शिकवणाऱ्या या दोन वस्तूंवरून दोघींनी अबोला धरला. घराण्यात भांडायलाच मनाई, त्यामुळे भांडून मोकळं व्हायचीही सोय नव्हती.

रविवारी दोघी एकाच बाकाच्या दोन टोकांना बसत. प्रभुभोजनाचं ताट आलं की दोघीही ते पुढे सरकवत. पाळकसाहेबांना वाटे, यांची श्रद्धा उडाली. खरं तर ती नको इतकी होती. मावशीला हे फार लागायचं. भाकरीवाचूनच आपण जाणार, असं तिने एकदा काकांना बोलून दाखवलं. काकांनी ते मला सांगितलं, मी आईला. आई म्हणाली, तिनं यावं की मग.

त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये आई मोरीत घसरली आणि पायाला मांडीपर्यंत प्लॅस्टर चढलं. मी नोकरीला बेळगावात. दुसऱ्याच दिवसापासून मावशी येऊ लागली. आईचं अंग पुसायची, मोकळा पाय बादलीत धुवायची आणि जायची. एक शब्द नाही. हे आजारपणाचं काम, याने अबोला सुटत नाही, असं दोघींनी न बोलताच ठरवलं असावं.

उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी मी घरी आले होते. मावशीने नेहमीसारखा पाय धुतला, पुसला आणि ती निघाली.

"थांब," आई म्हणाली. "तुझं पाय ऱ्हायल्यात."

मावशी थांबली. आईने मला पेटीतलं तसराळं काढायला सांगितलं.

"ऱ्हाऊ दे ते," मावशी म्हणाली. "परात आण."

आईला वाकता येत नव्हतं. म्हणून मावशी कॉटवरच तिच्यासमोर बसली आणि कणकेच्या परातीत तिने पाय ठेवले. आईने पाणी ओतलं, टाचेवरून हात फिरवला आणि तिचा हात तिथेच राहिला. टाचेला काळ्या भेगा पडल्या होत्या, बोट रुतेल एवढ्या.

"मने, हे कवा झालं गं?"

"लई वर्सं झाली, आक्का. तू बघितलंच न्हाईस."

आईला रडू फुटलं. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते. तशीच तिने दुसरा पाय धुवायला घेतला.