धाऊच्या वाटणीची अकरा मतं

किन्हवलीच्या पुढे, एसटी जिथून वळून परत जाते, त्या गावात धाऊ ग्रामपंचायतीच्या सलग तीन निवडणुका हरला होता आणि गावाला त्याचं फार कौतुक होतं. गावात पॅनेल एकच, पंढरी पाटलांचं. त्यांच्याआधी त्यांच्या वडलांचं. धाऊही त्याच पॅनेलचा. पण निवडणूक बिनविरोध झाली की मतपेट्यांची जीप येत नाही, आणि जीप येणार नसेल तर रस्त्यावर मुरूम पडत नाही, हे गावाच्या केव्हाच ध्यानात आलं होतं. म्हणून विरोधक लागे. धाऊ स्वभावानं गरीब, गावात त्याचं कुणाशी वाकडं नाही. असा माणूस विरोधाला सोयीचा.

अर्ज भरायला पाटील स्वतः त्याला शहापूरला नेत. आपल्यावर टीका काय करायची तेही तेच सांगत, कारण धाऊला काही सुचत नसे. मग धाऊ पारावर उभा राहून शाळेचे पत्रे गळतात, पाटील झोपा काढतात, असं घडाघडा बोले आणि खाली उतरून पाटलांची माफी मागे.

बरं, माणसाला अगदी भोपळा मिळाला तर चांगलं दिसत नाही. म्हणून गावकीनं त्याला अकरा मतं ठरवून दिली होती, तीही पाळीनं. म्हातारा चांगो आदल्या दिवशी घरोघर जाऊन ज्याची पाळी त्याच्या कानात सांगून येई. यादी त्याच्या डोक्यात. मतदान गुप्त असतं, तेव्हा आपली पाळी बायकोलाही सांगायची नाही, असा कडक नियम होता.

धाऊला या अकराचंच दुःख होतं. तिन्ही वेळा अकरा; ना दहा, ना बारा. पंधरा वर्षं लोकांच्या अडीनडीला धावलो, पण एखाद्याला तरी आपणहून मला मत द्यावंसं वाटलं का, एवढंच त्याला कळायला हवं होतं. निवडून यायची हौस नव्हती. साहेबांसमोर खुर्चीत बसायचं म्हटलं तरी त्याला घाम फुटे.

दोन हजार दोन साली चांगो मोतीबिंदूच्या ऑपरेशनला लेकीकडे वाशिंदला गेला आणि डोळ्याला पट्टी बांधून तिथेच अडकला. पाळी सांगायला कुणी फिरलंच नाही. धाऊ मनातून खूश झाला. आता पडेल ते मत खरं. स्वतःचं मत त्यात मिसळून घोळ नको, म्हणून त्यानं नेहमीसारखाच शिक्का पाटलांच्या निशाणीवर, छत्रीवर मारला.

मोजणीत धाऊला दोनशे सात मतं पडली आणि पाटलांना नऊ.

धाऊ घरी पोचायच्या आत शेजारचा नवसू ओट्यावर येऊन बसला होता. चांगो आला नाही, कुणाला विचारायची सोय नाही, धाऊ अगदीच रिकामा राहायला नको, म्हणून यंदा पाळी आपलीच समजलो, असं तो खालमानेनं सांगू लागला. मागून हिराबाई आली, तिनंही तेच सांगितलं. मग रांगच लागली. सगळ्या गावानं भल्या मनानं एकच चूक केली होती. धाऊ प्रत्येकाला चहा देत होता आणि मनात एकेक मत वजा करत होता. शेवटी त्यानं बायकोला, रंभाला, विचारलं.

"मी पाटलांना दिला," ती म्हणाली. "दरवेळी तुमीच सांगता ना, पॅनेल सोडायचा नाय."

धाऊला ते फार लागलं. तेवढ्यात पाटील हार घेऊन आले. धाऊ हात जोडून उभा राहिला. पाळीचा घोळ झाला, उद्याच राजीनामा देतो म्हणाला.

"मी पण तुलाच दिलंय," पाटील म्हणाले.

"तुमाला पन वाटला तुमची पाळी?"

"उमेदवाराला कसली पाळी रे? दरवेळी देतो. म्हणून तर चांगोला दहाच घरं सांगायचो." पाटलांनी हातातला हार सरळ केला. "मी सांगितलेलं का असंना, माझ्या तोंडावर बोलायचास तू एकटाच."

धाऊ सगळ्यांसमोर रडला. पाटलांनी त्याच्या गळ्यात हार घातला आणि उद्या राजीनामा द्यायला शहापूरला किती वाजता निघायचं ते विचारलं.