मुलाखतीचे बूट

परभणीत आम्ही बी.ए. झालेली पोरं एका भाड्याच्या खोलीत नोकरीची वाट बघत राहायचो. शेजारच्या खोलीत आमच्यासारखाच एक बी.ए. झालेला पोरगा असायचा. मुलाखतीला घालण्याजोगे काळे बूट आमच्यात फक्त त्याच्याकडे होते. घेतले होते स्वतःच्या मुलाखतीसाठी, पण तो कधी मुलाखतीला गेलेला कुणी पाहिला नव्हता. रोज सकाळी पॉलिश मात्र करायचा. मागेल त्याला द्यायचा, आणि ते ज्याच्या त्याच्या पायाला बरोबर बसायचे.

मी मुलाखतीहून परतलो की तो उंबऱ्यातच बसलेला दिसायचा. बूट काढून दिले की त्यांत मनगटापर्यंत हात घालून डोळे मिटायचा.

"आजून गरम हायत," म्हणायचा. मग हळूच, "आडनाव इचारलं का रे?"

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. डिग्रीच्या आधी आडनावच विचारायचे. मी हो म्हटलं की त्याचाच चेहरा उतरायचा.

झरीच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन गेलो. म्हटलं, "आता तू जा की. घाल बूट."

त्यानं पाय घातला, तो अर्ध्यातच अडकला. खरं तर त्याचा पाय माझ्यापेक्षा लहान होता.

"मला न्हाई बसत," तो हसून म्हणाला. "लय जण हायत आत."

रुजू व्हायच्या आधी मी स्वतःचे बूट घेतले. आजही शाळेतून आल्यावर ते काढतो आणि नकळत आत हात घालून बघतो. दिवसभर पायात असतात, तरी गार लागतात.