खालाच्या ओढणीचा रंग

बातमी आली तेव्हा मी लेकीच्या दप्तरातले मोडके खडू निवडत बसले होते. रत्नागिरीहून खैरूभाभीच्या बहिणीचा फोन. भाचीच्या लग्नाला म्हणून गेलेली आमची भाभी सकाळी चहा पिता पिता गेली… छातीत कळ आली म्हणाली, आणि खलास. अहो, असं कसं, शुक्रवारी परत येतेय ना ती, असं काहीतरी मी बोलले. फोन ठेवल्यावरही कितीतरी वेळ खडूच निवडत राहिले.

शारजात, अल मजाजच्या टॉवरमध्ये, आमची दारं समोरासमोर. ती रत्नागिरीची, मी सावंतवाडीची, त्यामुळे मासळीवरून भांडायला दोघींनाही हक्काचं माणूस मिळालं होतं. माझी ईरा तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. ईराचं मराठी म्हणजे आनंदच होता. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं. माझ्या आईचा फोन आला की 'हाय आजी, बाय आजी' करून पोरगी पसार. आई तक्रार करायची नाही, पण फोन ठेवताना तिचा आवाज बारीक व्हायचा. मला ते फार लागायचं.

भाभीनं एकदा हे पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी आईचा फोटो मागून नेला. खालच्या टायपिंगच्या दुकानातून त्याचा मोठा प्रिंट काढला, बाल्कनीच्या काचेला टेपनं चिकटवला, वर कोरा कागद लावला आणि ईराला रंगवायला म्हणून काळ्या स्केचपेननं गिरवायला बसली. काचेतून ऊन येत होतं, सगळं लख्ख दिसत होतं. इथं ऊन तेवढं फुकट मिळतं, वापरा की गं, असं वर मलाच ऐकवलं. माझ्या नवऱ्यानं मध्येच शहाणपणा केला. ॲपमध्ये फोटो टाकला की क्षणात रंगवायचं चित्र तयार, म्हणे. झालं खरं तयार, पण त्यानं आईच्या चेहऱ्यावरची एकूण एक सुरकुती जाड रेघेनं उमटवली होती. ही कुठली म्हातारी शोधून आणलीत, असं भाभीनं विचारलं, तेव्हा नवऱ्यानं फोन खिशात घातला.

तिचा नियम एकच. चित्र द्यायची, फोटो लपवायची. रंग कुठला ते चित्रातल्या माणसालाच विचारायचं, आणि तेही त्याच्या भाषेत. ईरानं आधी आजीचं अंगण वाळूसारखं पिवळं रंगवलं होतं. जमीन दुसऱ्या रंगाची असू शकते हे बिचारीच्या गावीही नव्हतं. मग लागला फोन. आई तांबड्या मातीपासून निघाली ती साडीपर्यंत पोचली. "आजी, आमसुली म्हणजे?" हे ईराच्या तोंडून ऐकलं आणि मी ओट्याशी उभी राहून रडले. पुढे मामा, काका, आत्या, अगदी मामाची म्हैससुद्धा रंगून झाली.

रत्नागिरीला जाण्याआधी भाभीनं एक चित्र दिलं, तिच्या स्वतःच्या लग्नातलं. ती आणि हनीफभाई. ईरा रंग विचारायला लागली, तर म्हणाली, "आल्यावर सांगते, इन्शाल्ला."

रत्नागिरीहून सगळं उरकून हनीफभाई एकटेच परतले. जबल अलीच्या गोदामात कामाला जायचे, यायचे. मी डबा घेऊन गेले की दार अर्धं उघडायचे, शुक्रिया म्हणायचे आणि लावून घ्यायचे. दोन शब्द जास्त नाहीत. भाभी असती तर त्यांना चांगलं फैलावर घेतलं असतं… परवा मी डबा घेऊन निघाले, तर ईरा ते कोरं चित्र आणि खडूंची पेटी घेऊन मागोमाग आली. मी म्हटलं, बाळा, आता कोणाला विचारणार?

"बट मम्मा, काका इज ऑल्सो इन द पिक्चर."

दार नेहमीसारखं अर्धंच उघडलं. तिनं कागद पुढे धरला आणि चक्क मराठीत विचारलं, "काका, खालाच्या ओढणीचा रंग कुठला?"

हनीफभाई कागदाकडे बघत राहिले. मला वाटलं, चुकलंच आपलं. मग ते हळूच म्हणाले, "डाळिंबी." आणि जरा थांबून, "नाही… पुरतं पिकलेलं नाही. थोडं कच्चं डाळिंब." एवढं बोलून त्यांनी दार पूर्ण उघडलं.

आत बाल्कनीच्या काचेवर भाभीच्या टेपचे तुकडे तसेच होते. पेटीत डाळिंबी खडू नव्हताच. ईरा लालावर गुलाबी घासायची, हनीफभाई मान हलवायचे, ती पुन्हा घासायची. मी डबा हातात धरून उभीच. शेवटी त्यांनी कागद उचलला, त्या काचेवर टेकवला आणि उन्हात निरखून पाहिला.

"हां," ते म्हणाले. "आता तीच."