झाकणाच्या आतली अक्षरं

कृष्णात घड्याळवाल्याला एक वाईट खोड होती. जुनं घड्याळ दुकानात आलं, की ते चकचकीत करून दिल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही, गिऱ्हाइकानं सांगितलेलं असो वा नसो. लक्ष्मीपुरीतल्या त्याच्या चिंचोळ्या दुकानात आता, म्हणजे नव्व्याण्णव सालात, लोक बहुतेक सेल बदलायलाच येत. त्यामुळे पेठ वडगावच्या आण्णांनी वैमानिकाचं जुनं क्रोनोग्राफ घड्याळ समोर ठेवलं, तेव्हा गडी हरखूनच गेला.

काळी तबकडी, तिच्या पोटात दोन छोट्या तबकड्या, चावीच्या वर-खाली दोन कळा. आण्णा हवाई दलात मेकॅनिक होते. त्यांनी समजावलं, "वरची कळ दाबली की लांब काटा पळतोय. खाली नदी दिसली की आमचं वैमानिक साहेब कळ दाबायचं. ह्या वेगानं इतकी मिनिटं गेलो, म्हंजे कुठं आलो, ते कळायचं."

बाहत्तर साली हे घड्याळ बंद पडलं. रजेवर निघालेल्या आण्णांकडं साहेबांनी ते दुरुस्तीला दिलं आणि आण्णांनी ते याच दुकानात आणलं, कृष्णातच्या वडिलांकडं, बाळासोंकडं. रजा संपवून परत जातात तो साहेबांची बदली झालेली. आण्णांनी धाडलेली पत्रं परत आली. पुढं सत्तावीस वर्षं घड्याळ ट्रंकेत पडून राहिलं.

कृष्णातनं चार दिवस दुसऱ्या कामाला हात लावला नाही. चाकं धुतली, तेल घातलं, लांब काटा बरोबर शून्यावर परत येईपर्यंत झटला. एवढ्यावर थांबला असता तर शहाणा म्हटलं असतं. पण त्यानं बाहेरचं कवच आणि मागचं झाकण गुजरीतल्या पॉलिशवाल्याकडं धाडलं, आणि झाकण आरशासारखं होऊन आलं.

आण्णा आले. घड्याळ कानाशी धरून हसले. मग ते उलटं करून पाठीवरून अंगठा फिरवला आणि हळूच स्टुलावर टेकले.

"हितं नंबर हुता की रं."

त्यांनी खिशातून एक पत्र काढलं. साहेब पुण्यात असल्याचा पत्ता गेल्या महिन्यात लागला होता. त्यांचं उत्तर कोरडं होतं. माझं घड्याळ एकानं नेलं ते परत आलं नाही, तसली घड्याळं बाजारात पुष्कळ मिळतात, मागचा नंबर माझ्या वहीतल्याशी जुळला तरच मी मानीन.

"सत्तावीस वर्षं त्येंच्या मनात मी चोरच हाय," आण्णा म्हणाले. "रविवारी जाऊन त्यो डाग पुसणार हुतो. आता काय दाखवू?"

गुजरीवाल्यावर ढकलायचं कृष्णातच्या जिभेवर आलं होतं, पण त्यानं ते गिळलं. "चूक माझी हाय, आण्णा. न विचारता केलं."

तेवढ्यात त्याची आई अंजनाबाई जेवणाचा डबा घेऊन आली. दोघांचे चेहरे बघून तिनं काय झालं ते विचारलं आणि ऐकून घेतलं.

"मग आत बघ की," ती म्हणाली. "पॉलिशला धाडल्यावर झाकणं एकमेकांत मिसळत्यात, म्हणून तुझा बा आतनं नंबर खरडून ठेवायचा. तूच हसायचास त्येला."

आतले ओरखडे कृष्णातनं पाहिले होते. प्रत्येक कारागीर काहीबाही खरडतो, वाचतो कोण? त्यानं झाकण फिरवून काढलं आणि भिंग डोळ्याला लावलं. पॉलिश फक्त बाहेरून झालं होतं. आत सुईच्या टोकानं कोरलेला अख्खा नंबर होता. त्याखाली तारीख, बारा मे बाहत्तर. आणि त्याखाली बाळासोंचं गिचमिड अक्षर. कृष्णातनं ते मोठ्यानं वाचलं.

"साहेबांचे घड्याळ. हस्ते आण्णा, वडगाव."

त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. आण्णांनी भिंग मागून घेतलं, स्वतः वाचलं, पुन्हा वाचलं, मग चष्मा काढून डोळे पुसले.

"तुझ्या बानं मला तवाच सोडवलंतं की रं. आणि मी हितं येडा झालतो."

अंजनाबाईनं भाकरी दोघांपुढं सरकवली. जेवण झाल्यावर कृष्णातनं झाकण घट्ट बसवलं आणि सवयीनं त्यावरचा बोटाचा डाग पुसायला फडकं उचललं. आण्णांनी त्याच्या हातातून घड्याळ काढून घेतलं.

"ऱ्हाऊ दे आता," म्हणाले, आणि वडगावची एसटी गाठायला उठले.