रखमाबाई वाडीबाहेर

माझ्या सासूबाई, रखमाबाई, पस्तीस वर्षं रोज सकाळी पानवेलीच्या वाडीत जायच्या. अंगात ताप असो नाहीतर घरात लग्न असो, आधी वाडी, मग चहा. खाली आलेली वेल उचलून बांधायची, तयार पानं खुडायची. चपला कुंपणाबाहेर काढायच्या. आणि बाईमाणूस बाहेरचं असेल, म्हणजे महिन्याची अडचण असेल, तर तिनं वाडीकडे फिरकायचंसुद्धा नाही; पाळी होती तोवर सासूबाईही ते चार दिवस वाडीबाहेरच राहायच्या. वेल सुकते म्हणे! मी लग्न होऊन सफाळ्याहून एडवणला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हा नियम मला ऐकवला गेला, आणि त्याच आठवड्यात मी त्यावरून कडाकडा भांडलेही. राग माझ्या नाकावरच असतो, काय करू? सासूबाई मात्र चिडल्या नाहीत. "तुजा नसंल विश्वास, तर नको ठेवू. वेलीचा हाय ना," एवढंच म्हणाल्या आणि पानं मोजायला बसल्या.

या दिवाळीनंतर त्या वाडीत जायच्या एकदम बंद झाल्या.

"गुडगे धरलेत," म्हणाल्या. मी बावळट, पालघरच्या बाजारातून गुडघ्यांचं तेल आणलं आणि पंधरा दिवस चोळत बसले. त्या मुकाट्यानं चोळून घेत होत्या. सकाळी मात्र तुरुतुरु चालत कुंपणापर्यंत जायच्या आणि बाहेरूनच सासऱ्यांवर ओरडायच्या, "अवो, तिसऱ्या ओळीतली वेल लोळतेय, दिसत नाय काय?" गुडघे धरलेली बाई अशी चालते का? पण तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. याचा मला अजून स्वतःचाच राग येतो.

जानेवारीत एकदा न्हाणीघरात बादलीच्या मागे दडवलेला त्यांचा ब्लाऊज सापडला. डाव्या बाजूला रुपयाएवढा तांबडा डाग, अर्धवट धुतलेला.

"आई, हे काय?"

"ठेव तो तिथं. बाहेरची हाय मी."

"या वयात? तुमची पाळी जाऊन आठ वर्षं झाली!"

त्यांनी दाराकडे बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "खालून नाय गो. हितून." आणि पदराआड डाव्या छातीवर हात ठेवला.

मी विचारलं, हाताला काही लागतं का. "हाय बारीक. सुपारीयेवडी." दिवाळीपासून हे चाललं होतं. रक्त म्हणजे विटाळ, मग ते कुठूनही येवो, असा त्यांचा सरळ हिशेब. म्हणून वाडी बंद. आणि डॉक्टरकडे चला म्हटलं तर उलट मलाच विचारतात, "इटाळ बगायला कंचा डाक्टर बसलाय?" मी ओरडले, हातापाया पडले, पण ढिम्म हलल्या नाहीत. वर नीलेशची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, शपथ घातली की घरात कोणाला सांगायचं नाही. वेलीचा नियम थोतांड म्हणणारी मी, पण ही शपथ काही मला मोडवेना.

त्यानंतर माझी झोप उडाली. नीलेश बोईसरला कंपनीत, घरी यायचा तो दमून. जेवताना मी त्याच्याकडे बघायचंच टाळायचे. एकेक दिवस जात होता आणि ती सुपारी त्यांच्या छातीत तशीच होती. वाढत असेल का? मोबाईलवर वाचायचे आणि वाचून आणखी घाबरायचे.

अशात पालघरच्या एका महिला संस्थेची पदयात्रा जाहीर झाली. स्तनाच्या कर्करोगावर गरीब बायकांना उपचार मिळावेत म्हणून निधी जमवायचा होता. एडवणच्या किनाऱ्यापासून केळवे, माहीम करत पालघरपर्यंत, बावीसेक किलोमीटर चालायचं. आणि शेवटी मैदानात तंबू, तिथं लेडी डॉक्टर तपासणार. मी त्याच दिवशी दोघींची नावं दिली. एकदा त्या तंबूत शिरल्या की पुढचं पुढे, असा माझा डाव. त्यांना तंबूचं काही बोलले नाही.

"बायकांसाठी चालायचंय, आई."

"कंच्या बायका?"

"ज्यांच्या छातीत गाठ होते, त्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, पकडली चोरी. पण त्या म्हणाल्या, "बिचाऱ्या. येते मी."

फेब्रुवारीतल्या रविवारी उजाडता उजाडता आम्ही निघालो. शंभरेक बाया, सगळ्यांना गुलाबी टी-शर्ट. सासूबाईंनी तो साडीवर चढवला आणि वरून पदर ओढून घेतला. चालायला लागल्या त्या काय! शाळेतल्या बाई, बँकेतल्या पोरी, सगळ्या मागे. मी धापा टाकत त्यांच्या डाव्या बाजूनं. माझं लक्ष रस्त्यावर नव्हतंच, त्यांच्या पदरावर होतं. वारा आला की पदर सरकायचा आणि मी पुढे होऊन तो सावरायचे. डाग दिसला, कोणी काही विचारलं, तर बाई तिथूनच घरी परतणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दांडा गावात पाणी प्यायलो. केळव्याला केळी वाटली. तिथं एक रिकामी रिक्षा एडवणच्या दिशेनं तोंड करून उभी होती. सासूबाई तिच्याकडे बघतायत असं वाटून मी उगाच त्यांचा दंड धरला. "पडत नाय गो मी," त्या करवादल्या.

खरी पंचाईत झाली माहीमला. ते त्यांचं माहेर. त्यांचा धाकटा भाऊ, चिंतूमामा, रस्त्यात आडवाच उभा. "ताय, बस झाला चालना! घरी चल, भाकरी टाकलीय, तुज्या आवडीचं सुकट केलंय." सासूबाई थांबल्या. चेहऱ्यावर घाम, ओठ कोरडे. घराकडे बघायला लागल्या. झालं! आता ही जेवणार, आडवी होणार, संध्याकाळी मामा हिला गाडीवर बसवून एडवणला सोडणार आणि तंबू तिकडे गुंडाळला जाणार. मला रडूच कोसळायचं बाकी होतं. मी मामांवर खेकसले, "मामा, वाट सोडा! निघालेल्या माणसाला अडवू नये!"

मामा बिचारे हबकले. सासूबाईंनी मला डोळे वटारले, भावाची समजूत काढली, आणि म्हणाल्या, "त्या बायकांसाठी निगालेय रे. अर्ध्यात नाय सोडायचं." आणि पुन्हा चालायला लागल्या.

पालघरला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. टाळ्या वाजल्या, सरबत मिळालं. मी त्यांचा हात धरून सरळ तंबूकडे नेलं. दारातच त्यांना कळलं.

"रूपल. फसवलंस मला."

"हो, फसवलं. घरी गेल्यावर मारा. आता आत चला."

त्या हलेनात. तेवढ्यात पडदा सरकवून डॉक्टर किंजल बाहेर आली. माझ्याहूनही लहान पोरगी. तिनं सहज त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तशा त्या दोन पावलं मागे सरल्या. "शिवू नको बाय मला. मी बाहेरची हाय."

"मावशी, सकाळपासून चाळीस बायकांना शिवलेय. तुम्ही एकेचाळिसाव्या. या."

कसं कोण जाणे, पण गेल्या.

तपासणी संपेपर्यंत मीही आत स्टुलावर बसून नखं कुरतडत होते. डॉक्टरनं हात धुतले. मग समोर बसली आणि अगदी सावकाश सांगितलं, "मावशी, हे पाळीचं रक्त नाही. आत गाठ आहे, त्यामुळे हे येतंय. हा आजार आहे. कर्करोग असू शकतो. सुई घालून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. उद्याच दवाखान्यात या, उशीर नको."

दीड महिना जे ऐकायची भीती वाटत होती ते कोणीतरी मोठ्यानं बोललं होतं. त्यांना धीर द्यायला मी काय काय वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही आठवेना.

सासूबाई पुढे वाकल्या. "थांब. इटाळ नाय हा?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की, मावशी. विटाळ नाही."

"म्हंजे मी वाडीत जाऊ शकते?"

डॉक्टरनं गोंधळून माझ्याकडे बघितलं. "वाडीत? जा की. पण उद्या आधी दवाखान्यात या."

"येते, येते," सासूबाई म्हणाल्या. आणि हसल्या. दिवाळीपासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. सगळा चेहरा उजळला. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आयकलंस? येवडे दिवस उगाच बाहेर बसले गो मी!"

मला काही आवरेना. त्या पोरीसमोर, पडद्याबाहेर ओळीत बसलेल्या बायकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी रडायला लागले. सासूबाईंनी मला जवळ ओढलं आणि पदरानं माझं तोंड पुसलं.

"रडतेस कशाला, येडे? नुसता आजारच हाय."