तांडेलांचा जबाब

तांडेलांना बढाई मारता येत नसे. मासेमारीत आयुष्य काढलेल्या माणसाच्या बाबतीत हे जवळजवळ व्यंगच. आगरदांड्याच्या धक्क्यावर दुसऱ्यांच्या हातून निसटलेला घोळ मासा दर आठवड्याला वीतभर वाढायचा. तांडेलांचा मासा होता तेवढाच राहायचा. "दिसला तेवढा सांगतो. समजला न्हाय तो कशाला सांगू?" असं म्हणायचे. होडीच्या प्रमुखाला तिकडे तांडेल म्हणतात. त्यांचं खरं नाव कागदावरच उरलं होतं. मी तिथल्या शाळेत शिक्षक होतो आणि त्यांच्या शेजारी भाड्याने राहत होतो.

एका हिवाळ्यात पहाटेची जाळी ओढून परतताना त्यांना आणि त्यांच्या दोन खलाशांना समुद्रावर एक करडी वस्तू दिसली. पंख नाहीत, आवाज नाही. बराच वेळ एका जागी थांबली आणि मग वाऱ्याच्या उलट दिशेने वर निघून गेली. संशयास्पद काही दिसलं तर कळवा, असं मच्छीमारांना दर वर्षी सभा घेऊन बजावतात. तांडेल अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी चौकीवर गेले आणि कळवून आले.

दोन दिवसांनी लष्कराची गाडी आली. चौकशी शाळेतच बसली. साहेबांना तांडेलांची बोली कळेना, म्हणून मध्ये मला बसवलं. पहिल्या दिवशी चहा आला, शाबासकी मिळाली. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न फिरले. मुलगा दोहाला कशाला? त्याचे फोन कधी येतात? आणखी कोणाकोणाचे येतात? मोबाइल काढून घेतला. होडी धक्क्याला बांधून ठेवली, तीही ऐन हंगामात.

"गुरुजी, खबर मी दिली ना?" तांडेलांनी मला विचारलं. "मग झडती माझीच कशी?"

हा प्रश्न मी साहेबांना हिंदीत सांगितला, पण फारच मऊ करून. त्याची लाज मला आजही वाटते.

पाचव्या दिवशी तयार जबाब पुढे आला. 'तो हवामानाचा फुगा असावा असे मला वाटते.' मी तो वाचून दाखवला. सही केली की होडी लगेच सुटणार होती. खलाशांनी सह्या केल्या. त्यांच्या घरी लहान पोरं होती. मी त्यांना दोष देत नाही. तांडेलांनी मात्र पेन खाली ठेवलं.

"साहेब, फुगा असंल बी. तुमी शिकलेली माणसं. पन मला तसा वाटत न्हाय, तर 'मला वाटतं' असा कसा लिवू? फुगा वाऱ्यासंगं जातो. ह्यो उलटा गेला."

"चाचा, वय झालं की नजर दगा देते," साहेब हसून म्हणाले.

होडी आणखी महिनाभर बांधलेली राहिली. गावात 'तबकडीवाले तांडेल' हे नाव पडलं. मशिदीबाहेर, बाजारात, फेरीबोटीवर लोक आभाळाकडे बोट दाखवून त्यांना विचारायचे, "चाचा, आज कोन आलाय काय?" ज्यांची जाळी त्यांनी वादळातून ओढून आणली होती, तेही त्यात होते. तांडेल भांडले नाहीत. एसटीने अलिबागला गेले, डोळे तपासून घेतले आणि लांबची नजर उत्तम असल्याचा दाखला घेऊन आले. तो मी लष्कराला लिहिलेल्या अर्जासोबत पाठवला. पोचही आली नाही.

शेवटी मी चिडून तांडेलांच्या नावाने माहितीच्या अधिकारात चौकशीचा अहवाल मागणारा अर्ज लिहिला. तांडेलांनी त्यावर अंगठा उठवला नाही, सही शिकले होते, ती सावकाश केली. उत्तराची वाट पाहत त्यांचा पुढचा हंगाम गेला. रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात, नमाजाआधी हातपाय धुताना, वजू करताना ते कोसळले ते उठलेच नाहीत.

दफनानंतर आठ दिवसांनी पाकीट आलं. आत एकच ओळ होती: देशाच्या सुरक्षेच्या कारणास्तव ही माहिती देता येणार नाही.

मी ती चाचींना, तांडेलांच्या बायकोला, वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितली. मी पुन्हा वाचली.

"फुगाच होता," त्या म्हणाल्या, "तर दडवतात कशाला?"